उन्हाळ्यात ठेवलेली गोळी

"मूठ वळा बघू."

आक्का नमस्कार वगैरे करत नसत. समोरच्याचा उजवा हात ओढून घ्यायचा, बोटं एकेक करून मिटवायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबायचं आणि तोंडाकडे बघायचं. तोंड वाकडं झालं की म्हणायच्या, "व्हय. धरलाय." मग तो हात एखाद्या पेशंट बाईचा असो, वॉर्डातल्या सिस्टरचा असो, नाहीतर आमच्या मोठ्या डॉक्टरांचा. डॉक्टरांना त्यांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं, "तुमचा बी धरतोय की. लिवायचं कमी करा."

तुमच्या ओळखीतही असं एखादं माणूस असेल. दुसऱ्याची तब्येत ते इतक्या जोरात विचारतं की त्याची स्वतःची विचारायची राहून जाते. आक्का त्यातल्या.

मी कोल्हापुरातल्या एका कर्करोग रुग्णालयात संशोधनाच्या विभागात काम करते. संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर सूक्ष्मदर्शक येतो. माझ्या वाट्याला परवानग्या, बैठका, फोन आणि चहा एवढंच येतं. आमचा अभ्यास होता एका गोळीबद्दल. स्तनाचा कर्करोग झालेल्या बऱ्याच बायकांना ऑपरेशन, केमो असं सगळं उरकल्यावर पाच वर्षं रोज एक गोळी घ्यावी लागते. या आजाराला खतपाणी घालणारं शरीरातलं एक संप्रेरक त्या गोळीनं कमी होतं आणि आजार परत येण्याची भीती बरीच घटते. गोळी असते एवढीशी. पण तिनं अंगातून वाफा निघतात, झोप मोडते, सांधे धरतात, त्यातही बोटांचे. म्हणून कित्येक जणी ती मध्येच सोडून देतात. त्यांनी सोडू नये म्हणून त्यांना कसली मदत द्यावी, हे आम्हाला शोधायचं होतं. आणि नियम असा होता, की हे ठरवताना गोळी घेणाऱ्या काही बायका समितीत हव्यात. नुसत्या बसायला नकोत, बोलायला हव्यात.

बोलणारी बाई मिळणं सोपं नाही. घरी सासूला न जुमानणारी बाईसुद्धा डॉक्टरांपुढे आली की "बरं हाय" एवढंच बोलते. मी आठवडाभर ओपीडीच्या बाहेर बसून कान देत होते. एका सकाळी आतून आवाज आला, "सायेब, तुमी 'कसं हाय' इचारता आन् माझं उत्तर यायच्या आदी पुढची फाईल उघडता. मग इचारता तरी कशाला?"

बाहेर आल्या त्या आक्का. हुपरीच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, ठेंगण्या, कपाळावर ठसठशीत कुंकू, खांद्यावर कापडी पिशवी. घरात चांदीच्या पैंजणांचं काम. मी त्यांना समितीचं सांगितलं.

"तिथं काय करायचं?"

"डॉक्टर जे ठरवतील त्यावर तुमचं मत द्यायचं."

"आन् त्यांनी ऐकलं न्हाय तर?"

"ऐकावं लागतं. नियम आहे."

"असला नेम घरात बी करून द्या की आमच्या," आक्का म्हणाल्या, आणि माझा हात ओढून त्यांनी माझी मूठ वळवली.

पहिल्या बैठकीत आमच्याकडे एक तयार योजना होती. रोज सकाळी बायकांच्या मोबाईलवर निरोप जाणार, "आजची गोळी घेतली का?" मोठ्या डॉक्टरांनी ती बरीच सजवून मांडली. समितीतल्या बायका माना डोलवत होत्या. कळंब्याच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, त्या "उपयुक्त आहे" असंही म्हणाल्या.

आक्कांनी बशीतला चहा संपवला. "आठवन कशाला करायची? इसरतंय कोन?"

"माणूस विसरतो ना आक्का. कामाच्या गडबडीत."

"एक थान गेलंय सायेब. रोज आंगूळीला दिसतंय. इसरंल व्हय कोन?"

डॉक्टरांनी कागद पुढे सरकवले. मग मुख्याध्यापिका हसल्या, आधी दबून आणि मग मोकळ्या, आणि बाकीच्या बायकाही. त्या दिवसापासून समिती खरी सुरू झाली असं मी धरते.

आमची व्यायामाची फिल्मही आक्कांनीच पाडली. पांढरे कपडे घातलेली एक तरुण मुलगी हिरवळीवर बसून सावकाश बोटं उघडमीट करत होती, मागे बासरी. आक्का शेवटपर्यंत बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ही कुनाची? हिला सैपाक न्हाय व्हय?" पुढची फिल्म आम्ही वॉर्डातच काढली, मुख्याध्यापिकांना घेऊन. त्यांच्या मागे सलाईनचा स्टँड येतो, पण बायका ती बघतात.

आता आक्कांचं सगळंच बरोबर असायचं, असं मुळीच नाही. ओपीडीच्या बाकड्यावर बसून त्या शेजारणींना एरंडेल चोळायला सांगायच्या. एकीच्या हातावर पुरळ उठलं तेव्हा मी त्यांना बाजूला घेतलं.

"आक्का, समितीत आहात. औषधं सांगायची नाहीत."

"औषध कुठं? एरंडेल हाय."

"तेही नाही."

"बरं. नुसतं 'मी लावतो' म्हनून सांगतो."

त्यांच्याशी वाद घालताना मला घड्याळाकडे बघणं सोडून द्यावं लागे. ऐकून घेणं हा त्यांचा गुण नव्हता. दुसऱ्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की त्या उरलेलं स्वतःच पूर्ण करायच्या, आणि चुकीचं करायच्या. बैठकीला मात्र कधी उशीर नाही. हुपरीहून एसटीनं सगळ्यांच्या आधी यायच्या आणि शिपायाला पंखा कसा पुसावा हे सांगत बसायच्या.

आमची पहिली पाहणी पार पडली. गावोगावच्या बायकांना विचारलं, गोळी नियमित घेता का, कधी सोडली का. उत्तरं इतकी चांगली आली की डॉक्टर खूश झाले. कोल्हापूरच्या बायका गोळ्या सोडतच नाहीत असं दिसत होतं. ही पाहणी आम्ही थंडीत केली होती. उन्हाळ्यात करत नाही, कारण लग्नसराईत कुणीच घरी सापडत नाही आणि आमच्याही निम्म्या लोकांच्या रजा असतात. आमच्या विभागाच्या सगळ्याच पाहण्यांची ही पद्धत.

त्या साली एक बैठक कशी कोण जाणे, ऐन एप्रिलात आली. खोलीतला एसी बंद पडलेला. आक्कांनी पिशवीतून ताकाची मोठी बाटली काढली आणि सगळ्यांना पेले भरून दिले. डॉक्टर म्हणाले, "आक्का, तुम्हीही घ्या. तुम्हाला तर गोळीनं जास्त उकडत असेल."

"आता कुठली गोळी?" आक्का म्हणाल्या. "उन्हाळा हाय न्हवं. ठेवलीया."

"ठेवलीय म्हणजे?"

"कपाटात. मिरग झाला की घेतो परत."

डॉक्टरांनी पेला खाली ठेवला. "गेल्या वर्षी?"

"गेल्या वर्षी बी. गरम पडतीया ती. डिंकाचा लाडू खातो व्हय आपन वैशाखात?"

सांगताना त्यांच्या आवाजात चोरी नव्हती. कुणी विचारलं असतं तर केव्हाच सांगितलं असतं. डॉक्टरांनी बाकीच्यांकडे पाहिलं. "आणखी कोण?"

मुख्याध्यापिकांनी हात वर केला, वर्गात करतात तसा, कोपरात न वाकवता. मग त्यांच्या शेजारची. मग तिच्या शेजारची. ज्या बायकांना आम्ही इतर बायकांना गोळी घ्यायला लावण्यासाठी निवडलं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या गोळ्या चैत्रापासून कपाटात होत्या. मेथी, तीळ, अंडी जशी उन्हाळ्यात बाजूला जातात, तशीच हीही गेली होती. कुणाच्याही मते तिनं गोळी सोडली नव्हती.

मी चहा सांगितला. अशा वेळी माणसांच्या हातात कप असलेला बरा.

डॉक्टर चिडले नाहीत, हे त्यांच्याबद्दल सांगायला हवं. ते म्हणाले, "आजार उन्हाळा-पावसाळा बघून येत नाही. तुमची दरवर्षी दोन-अडीच महिने ढाल खाली असते." बायकांना ते पटलं. मुख्याध्यापिकांनी पर्समधून वही काढून तिथल्या तिथे लिहून घेतलं, आणि बाकीच्यांनी त्या रात्रीपासूनच घ्यायचं कबूल केलं. आक्का मात्र बाटलीचं झाकण लावत बसल्या. कबूलही नाही आणि नाहीही नाही.

पुढच्या तपासणीला त्या आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "कामाची गर्दी हाय." दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा, मे सरायच्या आत, मी फोन न करता हुपरीची बस धरली.

सोप्यात चटईवर आक्का, त्यांची सून आणि शेजारच्या दोघी-तिघी बसल्या होत्या. मध्ये परातीत चांदीच्या कड्यांचा ढीग. कड्या एवढ्या बारीक की मला चष्मा पुढे ओढावा लागला. आक्का दोन्ही हातांत चिमटे धरून कडी उघडायच्या, दुसरीत ओवायच्या आणि दाबून बंद करायच्या, आणि हे सगळं सुनेशी भांडत, माझ्याकडे बघत, हाताकडे न बघता. बोटं पाण्यासारखी चालत होती. वर्ष-दीड वर्ष ओळख, पण हे हात मी कामात पहिल्यांदा पाहत होते. तेव्हा लक्षात आलं की हॉस्पिटलात त्यांनी सगळ्यांच्या मुठी वळवून पाहिल्या, पण स्वतःची मूठ कुणाला दाखवली नाही; काम झालं की हात पदराखाली.

मी तिथं गोळी चालू करा म्हणून सांगायला गेले होते. तेच सांगितलं, फक्त जरा उशिरानं.

चहा झाल्यावर शेजारणी उठल्या. मी म्हटलं, "आक्का, लाडवाचं मला सांगू नका. हातासाठी ठेवलीय ना?"

सून कप उचलून आत गेली.

"दोनी," आक्का म्हणाल्या. "गरम पडतीया ते खोटं न्हाय. पर खरं हे बी हाय. गोळी घेतली की सकाळी चिमटा धरता येत न्हाय. कोमट पान्यात हात घालून बसायचं, मग कुठं दहा-अकराला सुरू. लगीनसराईत असं कोन थांबतंय?"

"मग सांगायचं ना तसं."

"गरम पडतीया म्हनलं की लोक ताक देत्यात, मॅडम. हात धरलाय म्हनलं की काम काढून घेत्यात. ह्या गल्लीत एकदा कळलं की काम देनाऱ्या शेठजीच्या कानावर जातंय. बारीक काम दुसऱ्या दारात गेलं, की गेलं. मी चौदा वर्साची असल्यापास्नं ह्ये करतो. दुसरं येत न्हाय मला."

"आणि आजार परत आला तर?"

"तवर चार उन्हाळं काम हुईल."

हे त्या एखाद्या ऑर्डरीचा अंदाज द्यावा तसं म्हणाल्या. मला ते मुळीच पटलं नाही आणि मी तसं तोंडावर सांगितलं. "आजार आला की आधी कामच जाईल. केमोत बोटं बधिर झाली होती, गुंडी लागत नव्हती तुमची. ती सूनबाईनं लावली होती. तुम्हीच सांगितलं होतंत. विसरलात?"

"ते नगा काडू." त्यांनी परातीतला ढीग उगाच हलवला.

"हाताचं डॉक्टरांना सांगा. याच कामाची दुसरी गोळी असते. सगळ्यांना ती सोसतेच असं नाही, पण बदलून बघतात."

"दुसरी हाय?"

"आहे."

"मग एवढं दिवस कुनी सांगितलं न्हाय ते?"

"तुम्ही हात दाखवलाच नाही."

"इचारलं कुनी?"

मी परातीतली एक कडी उचलून परत ठेवली. त्यांनीही मग जास्त ताणलं नाही. "येतो," त्या म्हणाल्या. "पर दार लावून बोलनार. भाईर हुपरीच्या दोघी बसत्यात."

दार लावून डॉक्टरांनी त्यांचा हात हातात घेतला, सगळं विचारलं आणि उत्तर संपेपर्यंत फाईल उघडली नाही. गोळी बदलली. व्यायाम शिकवायला बाई आली. महिन्यानं तपासणीला डॉक्टर म्हणाले, "मूठ वळा बघू," आणि आक्कांनी वळली. पूर्ण नाही. बोटांच्या टोकांत आणि तळव्यात फट राहिली.

"पैल्या गोळीला ह्येच्या दुप्पट हुती," आक्का म्हणाल्या. मग फटीकडे बघून, "पर बारीक काम हुनार न्हाय ह्येच्यानं."

"नाही होणार बहुतेक," डॉक्टर म्हणाले. "गोळी चालू आहे तोवर तरी."

निदान खोटं बोलले नाहीत. आक्कांनी पदर सारखा केला आणि गोळ्यांचं पाकीट पिशवीत टाकलं.

पुढच्या बैठकीत त्यांनी सगळा राग आमच्या पाहणीवर काढला. त्यांचं म्हणणं, पहिलाच प्रश्न असा हवा की बाई हातानं काय काम करते. मुख्याध्यापिकांनी सुचवलं, "'आपल्या हातांचा दैनंदिन वापर' असं शीर्षक ठेवू."

"नगं. 'हातानं काय काम करता?' एवढंच लिवा. बाई सांगत बसंल."

आणि बायका खरंच सांगत बसल्या. पुढची पाहणी आम्ही भर उन्हाळ्यात, रजा रद्द करून, लग्नघरांच्या मांडवापर्यंत जाऊन केली. आधीचे छान छान आकडे पार बिघडले. उत्तरं वाचायला डॉक्टर स्वतः बसले. धार काढते. गजरे करते. मागावरच्या तुटलेल्या धाग्यांना गाठी मारते. भाकरी थापते, आता फाटते म्हणून सून हसते. सकाळच्या निरोपाची योजना आम्ही बासनात बांधली. त्याऐवजी मार्च ते जून हातांसाठी वेगळी ओपीडी सुरू केली, आणि तिथं गोळीबद्दल विचारायच्या आधी कामाबद्दल विचारतात. बायका त्या महिन्यांत गोळ्या घेतात का? सगळ्या नाही. पण ज्या ठेवतात, त्या येऊन सांगतात तरी.

आक्कांनी त्यानंतरचे सगळे उन्हाळे गोळी घेतली. शेठजींना त्यांनी स्वतःच जाऊन सांगितलं, दुसऱ्या कुणी सांगायच्या आत. बारीक काम घरातच राहिलं, पण सुनेच्या हातात. आक्कांकडे मोठ्या कड्या आणि घुंगरं. हे त्यांना कधीच गोड लागलं नाही. बैठकीला आल्या की मी विचारायची, "सूनबाईचं काम कसं चाललंय?"

"कड्या न्हाईत त्या. जिलब्या हाईत."

"शेठजी काय म्हणतात?"

"चांगलं हाय म्हनत्यात. त्यास्नी काय कळतंय?"

सून हुशार होती. सासूचं बोलणं एका कानानं ऐकायची आणि शेठजींकडून नवीन नक्षी मागून आणायची.

पाच वर्षं पुरी झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या पाहून गोळी थांबवली. मी धरून चालले होते की आक्का समितीत राहतील. उलट आता त्यांचा अनुभव मोठा, असं मी म्हणालेही. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली.

"न्हाय. माझं संपलं. आता मी बोलायला लागलो तर आठवनीतलं बोलनार, आन् वर तिखट-मीठ लावनार. जिला आज सकाळी बोटं उघडंनात, तिला बसवा ह्या खुर्चीत."

"अधूनमधून तरी या."

"कशाला? तुमी चांगलं करताय की." असं त्या आम्हाला पहिल्यांदाच म्हणाल्या, आणि लगेच शिपायाला पंख्याबद्दल काहीतरी सुनावून गेल्या.

त्यांच्या जागी आता कबनूरची एक बाई आहे. शांत आहे. अजून फार बोलत नाही, पण बोलेल. बैठका वेळेत संपतात, ताक बाहेरून मागवावं लागतं, आणि माझा हात कुणी न विचारता ओढत नाही. कामाच्या दृष्टीनं हे बरंच म्हणायचं.

परवा उन्हाळ्यात, दुपारी जेवणाच्या सुट्टीत, मोबाईल वाजला. आक्कांचा व्हिडिओ कॉल. आयुष्यातला पहिला असावा. फोन त्यांनी कशाला तरी टेकवून ठेवला होता, आणि तो इतका खाली की पडद्यावर चेहरा नाहीच, नुसती मांडी, परात आणि दोन हात. चिमट्यात बारीक कडी. ती उघडली, दुसरीत ओवली, दाबली. पुढची घेतली. पूर्वीच्या वेगानं नाही, थांबत थांबत. पण कड्या सरळ होत्या आणि साखळी वाढत होती.

"आक्का," मी म्हटलं, "तोंड दिसत नाही तुमचं."

"तोंड काय बगायचंय? ते हाय तसंच हाय. ह्ये बगा."

मी बघत राहिले. तेवढ्यात सुनेनं काहीतरी म्हटलं असावं, कारण आक्कांचा हात तिकडे झेपावला, परात हलली आणि फोन उताणा पडला. पडद्यावर आता छताचे पत्रे आणि गरगर फिरणारा पंखा. मागून आवाज येत होता, "असं न्हाय गं, असं धर. सरक. मी दावतो." फोन चालू आहे हे त्या विसरल्या होत्या. माझा डबा उघडाच होता. तो संपेपर्यंत मी तो पंखा बघत जेवले.